आडूळच्या अलीकडं

आडूळ दोन-तीन मैलांवर असताना ट्रकनं आचके दिले आणि चढाच्या मधोमध तो गप झाला. रामकिसननं गाडी कशीबशी कडेला घेतली आणि स्टेअरिंगवर मूठ आपटली. मागं पाचोडची मोसंबी भरलेली होती. दुपारच्या आत ती औरंगाबादला, शहागंजच्या मंडईत पोचायला हवी होती.

ट्रक होता त्याच्या शेजारी बसलेल्या सारजाबाईचा. तिचा नवरा कारभारी मागच्या श्रावणात तापानं गेला आणि गाडी तिच्या नावावर झाली. चालवायला दीर आला, तो कुणी न बोलावताच. गाडी आज ना उद्या आपलीच, असं रामकिसननं धरूनच ठेवलं होतं. म्हणून सारजाबाई प्रत्येक खेपेला सोबत निघायची. सासू तोंड सोडायची, गाव नावं ठेवायचं. ती ऐकून घ्यायची आणि पदर खोचून केबिनमध्ये चढायची.

"डिझेल संपलं," ती म्हणाली.

"तुम्हाला काय कळतंय?"

"निघताना इचारलं व्हतं, टाकीत बघितलं का म्हणून. काटा बंद हाय, ठाऊक हाय तुम्हाला."

"बाईमाणसाला इचारून गाडी चालवायची पाळी आली माझ्यावर," तो म्हणाला. कॅन घेऊन उतरला, आडूळकडं जाणाऱ्या जीपला हात केला आणि मागं न बघता निघून गेला.

सारजाबाई ट्रकच्या सावलीत बसली. ऊन चढत गेलं तशी सावली आक्रसून चाकांखाली शिरली. बाटलीतलं पाणी संपलं. ताडपत्रीखालून मोसंबीचा उबट वास यायला लागला. रामकिसन परतला तेव्हा त्याच्या तोंडात पान होतं आणि शर्टाला भज्यांचा वास होता. तिच्यासाठी त्यानं पाण्याचा घोटही आणला नव्हता.

त्यानं टाकीत डिझेल ओतलं आणि सेल्फ मारला. इंजिन फिरलं, पण धरेना.

"सेल्फ नका मारू. डिझेलच्या नळीत एअर घेतलीय," सारजाबाई म्हणाली. "आधी ती काढा."

"गप बसा."

तो मारत राहिला. सेल्फचा आवाज हळूहळू जड झाला, घरघरला. सारजाबाईनं सीटखालचा पाना काढला आणि ती बॉनेटपाशी जाऊन उभी राहिली. वाटेत गाडी अशी अडली की कारभारी पंप मारायचा आणि नट तिच्याकडं असायचा.

"बॅटरी बसली तर माल हितंच नासंल. नट मी ढिला करते. तुम्ही पंप मारा."

त्यानं आणखी एकदा सेल्फ मारून बघितला. मग थुंकला आणि उतरला. दोघं बॉनेटखाली वाकले. तिनं फिल्टरवरचा नट सैल केला, त्यानं हातपंप दाबायला सुरुवात केली. नटाच्या कडेनं फसफस करत फेस आला.

"दादाला ताप असताना खेपेला धाडलं तुम्ही," तो पंप मारतामारता म्हणाला. "खाल्लं तुम्ही त्याला. आन आता गाडीवर बसून फिरताय."

पान्यावरचा तिचा हात थांबला. आता ती जे बोलली ते श्रावणापासून तिनं घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

"ती खेप तुमची व्हती. येतो म्हणलात, आन पाचोडच्या बाजारात पत्ते कुटत बसलात. मी त्यांच्या पाया पडले, जाऊ नका म्हणून. ते म्हणले, रामकिसनचं नाव आईला सांगू नको."

पंप थांबला. त्याचं तोंड काळंठिक्कर पडलं.

"थोबाड आवर तुझं," तो म्हणाला आणि हात उगारून एक पाऊल पुढं आला.

सारजाबाई हलली नाही. पाना तिच्या मुठीत होता.

"पंप मार," ती म्हणाली.

दिराला तिनं आजवर अरेतुरे केलं नव्हतं. एक एसटी धूळ उडवत गेली. मग त्याचा हात खाली आला आणि पंपावर गेला. फेस विरळ झाला, बुडबुडे थांबले, निव्वळ डिझेल तिच्या बोटांवरून ओघळलं. तिनं नट आवळला. तो केबिनमध्ये चढला. उरल्यासुरल्या बॅटरीवर सेल्फ फिरला, इंजिन खोकलं, काळा धूर ओकून सुरू झालं.

दुपार टळल्यावर ते शहागंजला पोचले. मंडईत आडत्यानं उशीर का म्हणून विचारलं, तर रामकिसन सगळ्यांदेखत हसून म्हणाला, "वहिनींचं आवरंना."

"चावी द्या," सारजाबाई म्हणाली. "उद्यापासून गाडीवर यायचं नाय."

"चालवणार कोण? तू?"

तिनं हात पुढं केला तो तसाच ठेवला. रामकिसननं चावी काढली, पेंढ्याच्या ढिगात भिरकावली आणि तो एसटी स्टँडकडं चालू लागला. हमाल बघत राहिले. सारजाबाई गुडघ्यांवर बसून पेंढा उपसत राहिली. चावी सापडल्यावर उठून तिनं विचारलं, "पाचोडला येणारा कुणी ड्रायव्हर हाय का?"

फकिरा नावाचा एक उतारवयाचा माणूस पुढं आला. "भावकीचं दिसतंय. मला त्यात घेऊ नका, बाई."

"तुम्ही गाडी चालवा. भांडण माझं हाय."

माल उतरवून दिवस मावळायच्या आधी ते पाचोडला घरी पोचले. रामकिसन त्यांच्या आधीच आला होता. दाराला आतून कडी होती आणि आत सासूचा आवाज चढलेला होता. सारजाबाईनं एकदाच दार वाजवलं, थोडं थांबली आणि परत केबिनमध्ये चढली.

"आता कुठं?" फकिरानं विचारलं.

"दौलताबादला. भावाकडं."

पुढल्या हंगामात तो ट्रक दौलताबादचे अंजीर वाहायला लागला. सारजाबाई पाचोडला पुन्हा गेली नाही, आणि तिकडून कुणी बोलवायलाही आलं नाही.