मातीसकट दिलेली रोपं

उपटलेल्या टोमॅटोच्या मुळावर, माझ्या करंगळीएवढ्या लांबीत, सतरा गाठी होत्या. मी दोनदा मोजल्या. सगळ्यात लहान मोहरीएवढी, सगळ्यात मोठी वाटाण्याएवढी. नखाने खरवडली तर सुटत नव्हती. मूळच तिथे सुजल्यासारखं जाड झालं होतं. गेल्या वर्षी याच वाफ्यात, याच दिवसांत, एवढ्याच लांबीत अकरा होत्या. त्याच्या आदल्या वर्षी सहा.

“मास्तरीणबाई, पाढे म्हणून झाले असतील तर वेल उचला. उन्हं भिंतीवर आली,” आत्याबाई म्हणाल्या.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. मी गावच्या शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून चिडल्या की मला मास्तरीण म्हणतात. त्या भिंतीच्या सावलीत पाटावर बसून घेवड्याच्या वाळलेल्या शेंगा सोलत होत्या. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू, डाव्याचीही नजर उतरलेली. पण बोटांनी चाचपून एखादा दाणा बाजूला टाकला, तर तो नेमका किडकाच निघायचा.

पाऊस मागे सरला होता. सकाळी गवतावर दव, दुपारी अजून चटका, आणि पाच वाजले की सावल्या कुंपणापलीकडे. अशा दिवसांत परसात दम खायला सवड नसते. संपलेले वेल उपटायचे, बियांचे भोपळे देठासकट पत्र्यावर मांडायचे, गळलेला पाला झाडून कोपऱ्यात रचायचा, खुरप्यांना धार लावून तेलाचा हात फिरवायचा, थंडीच्या भाज्यांचे वाफे खणायचे. आणि महिनाभर वाढवलेली वांग्याची, टोमॅटोची, कोबीची रोपं हलवायची. हलवायची, आणि वाटायची.

मी वेल उचलले. मुळं मात्र विळ्याने कापून जुन्या घमेल्यात टाकत गेले.

“खड्डा तिकडे आहे,” आत्याबाई शेंगांतून मान वर न काढता म्हणाल्या.

“माहीत आहे.”

“मग मुळं घमेल्यात कशाला?”

“जाळणार आहे.”

त्यांचे हात थांबले. “जाळणार? खताच्या खड्ड्यात न टाकता? अगं, त्या मुळांना गाठी आहेत ना?”

“आहेत.”

“मग? गाठीचं मूळ म्हणजे मातीचं सोनं. हे मी म्हणते का? तूच म्हणालीस. आता सोनं जाळायला निघालीस. शिकलेल्या माणसाचं हे असं असतं बघ. आपणच सांगायचं आणि आपणच विसरायचं.”

मी विसरले नव्हते. बावीस वर्षांपूर्वी, लग्न होऊन आले त्या वर्षी, याच दिवसांत मी घेवड्याचे वेल उपटले होते. मुळांवर गुलाबी गाठी होत्या. नवी सून, नुकतंच जीवशास्त्र शिकून आलेली, काहीतरी येतं हे दाखवायची घाई. मी म्हटलं, आत्याबाई, या गाठी फार कामाच्या. यांच्यात सूक्ष्म जीव राहतात, ते हवेतलं खत पकडून मातीत आणतात. आत्याबाईंनी ते मूळ ओट्यावर ठेवून गल्लीतल्या चार बायकांना बोलावून दाखवलं. माझ्या सुनेनं ओळखलं, म्हणाल्या.

घेवड्याच्या गाठी कामाच्या, इतकंच खरं होतं. वांग्याच्या, टोमॅटोच्या गाठींचं काय, हे मी सांगितलं नाही. तेव्हा आमच्या मातीत त्या नव्हत्याच, सांगायचं सुचणार कसं?

त्या आल्या पुढे कधीतरी, बहुधा नऊ-दहा वर्षांपूर्वी, कुठल्या बाजाराच्या रोपातून आल्या असतील. मी शाळेत अडकलेली, परसाकडे बघत नव्हते. आत्याबाई बघत होत्या. टोमॅटोच्या मुळाला गाठ लागली तेव्हा त्यांना आनंद झाला. तेव्हापासून वाटायची रोपं काढताना त्या मूळ बोटांनी चाचपायच्या, आणि ज्याला गाठ लागेल ते आधी द्यायच्या. देताना मुळाभोवती आमच्या वाफ्यातल्या मातीचा गोळा करायच्या. “नुसतं रोप परक्या मातीत रुसतं. माहेरची मूठभर माती बरोबर असली की रुजतं,” हे त्यांचं नेहमीचं वाक्य. कुणाकडून कधी काही घेतलं नाही. गल्लीत आमचं सोडून चौदा घरं. चौदाही परसांत आमची रोपं होती.

तीन वर्षांपूर्वी मी अशी एक गाठ शाळेत नेली आणि ब्लेडने कापून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. आत मोत्यासारखा पांढरा ठिपका होता. ती मादी. एकेक मादी काहीशे अंडी घालते. बाहेरच्या पाण्याच्या थेंबात दोऱ्यासारखे बारीक कृमी वळवळत होते. डोळ्यांना न दिसणारे, मातीत राहणारे, मातीबरोबर प्रवास करणारे.

मग मी विद्यार्थ्यांसाठी मुळं गोळा करते असं सांगून गल्लीतल्या प्रत्येक परसात जाऊन आले. चौदापैकी अकरा घरांत गाठी सापडल्या.

घरी आल्यावर यांना सांगितलं. हे गवंडीकाम करतात. सिमेंटचे हात धूत उभे होते. बराच वेळ धूतच राहिले. “उपाय?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पक्का नाही. कमी करता येतात, मारता येत नाहीत. “मग आईला सांगून काय होणार? बाबा गेल्यावर ती त्या रोपांवर उठून बसली. दारात माणूस थांबतं ते रोपासाठी. झाकली मूठ आहे, झाकलेली राहू दे.”

मी ठरवलं, पुढच्या वर्षी सांगू. दरम्यान झेंडू लावला. उन्हाळ्यात वाफ्यांवर प्लास्टिक अंथरून माती तापवली. दोन वाफे काहीतरी कारण काढून पडीक ठेवले. सहाचे अकरा झाले. अकराचे सतरा.

“वहिनी, काय जाळताय?” शेजारचे पोस्टमन भाऊजी भिंतीवरून डोकावले. आता निवृत्त आहेत, पण गल्लीतली बातमी अजून पहिल्यांदा त्यांच्याकडेच पोहोचते.

“मुळं, भाऊजी.”

“जाळा, जाळा. मी तर फरशी घातली. या, बघून जा. परसाची आता खोली झाली, फक्त छप्पर नाही.”

“भेंडीचे वाफे होते ना तिथे?” आत्याबाईंनी विचारलं.

“होते. तीन वर्षं भेंडी दुपारी मान टाकायची, संध्याकाळी उठायची. चौथ्या वर्षी दुपारी मान टाकली ती उठलीच नाही. बायको म्हणाली, तुम्ही पाणी जास्त घालता. मग कमी घातलं. म्हणाली, आता कमी घालता. मी म्हटलं, घे, फरशी. फरशीला पाणी कमी पडत नाही आणि जास्तही होत नाही.”

आत्याबाई हसल्या. “अहो, परत लावा. मी देते ना रोपं.”

“आजी, तुमच्या रोपांना नाव ठेवणार नाही मी. आमचंच नशीब फुटकं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?” ते म्हणाले आणि भिंतीआड गेले.

घमेल्यात मुळं धुमसत होती. ओली होती, पेट घेत नव्हती. मी वाळका पाला टाकला. भाऊजींच्या आडात काय होतं आणि तिथे ते कुणी ओतलं होतं, हे मला माहीत होतं. मी पालाच टाकत राहिले.

दहाच्या सुमारास शिंपीण आली. कोपऱ्यावरच्या घरात तिचं मशीन चालतं. गल्लीतले सगळे परकर-पडदे तिच्या हातून गेलेले. काखेत रिकामी टोपली, कानामागे टेप अडकवलेली तशीच.

“आजी, रोपं तयार आहेत ना? आजच गाडी जाणार आहे.”

“कधीची तयार आहेत. लेक कशी आहे?”

“मजेत. नवं घर बांधलंय नदीपलीकडे. आजूबाजूला सगळी पडीक जमीन. जावई म्हणतात, इथे कुदळसुद्धा पहिल्यांदाच लागली. काळी, भुसभुशीत माती. लेक म्हणते, आई, भाजीबाग करायची आहे, पण सुरुवात आपल्या आजीच्या रोपांनी करायची.”

आत्याबाई पाटावरून उठल्या. गुडघ्यांवर हात ठेवून, एक दम घेऊन. मग रोपांच्या वाफ्याशी बसल्या आणि खुरपं न घेता बोटांनीच माती सैल करायला लागल्या. एक वांगं काढलं, मूळ चाचपलं, मान हलवून बाजूला ठेवलं. दुसरं काढलं. “हे बघ, याला तीन गाठी आहेत. याला पुढे घाल.” मातीचा गोळा दाबून टोपलीत ठेवला.

“किती देऊ?”

“चाळीस? जास्त होतील का?”

“चाळीस कसली जास्त? नव्या जमिनीत जितकं लावशील तितकं घेईल.”

मी विळा पुसत उभी राहिले. नदीपलीकडे हे नव्हतं. ज्या मातीला कधी कुदळ लागली नव्हती, तिथे आमचे कृमी आतापर्यंत पोहोचले नव्हते.

“आजी, एक विचारू?” शिंपीण खाली बसली. “माझी वांगी यंदाही गेली. तुमच्याच हातची रोपं, दर वर्षी नवी नेते. पंधरा दिवस छान, मग पिवळी. शेजारच्या काकू म्हणतात, तुझा हातच वाईट. मलाही तसं वाटायला लागलंय. परवा लेकीनं सांगितलं, तू येऊन लावून दे. मी म्हटलं, नको बाई. मी हात लावत नाही. तूच लाव.”

“अगं वेडे, हात कधी वाईट असतो का?” आत्याबाई म्हणाल्या. “मन लागत नसेल तुझं. मशीनवर जीव, वाफ्यावर नाही.”

“तसंच असेल,” शिंपीण म्हणाली. तिने दोन्ही हात पदराखाली घेतले.

चाळीस रोपं भरून झाली. वरून आत्याबाईंनी ओलं फडकं घातलं. “सावकाश ने. गोळे फुटू देऊ नको, आणि माती सांडलीस तर उचलून परत टाक.” शिंपिणीने टोपली कमरेवर घेतली आणि फाटकाकडे निघाली. फाटकाची कडी एका हाताने निघत नाही, तशी ती नेहमीच अडते. ती टोपली सावरत कडीशी झटत होती.

मी गेले आणि टोपलीची कड धरली. तिला वाटलं, मी मदतीला आले. तिने टोपली माझ्या हातात दिली.

मी ती खाली ठेवली.

“तुझा हात वाईट नाही,” मी म्हटलं.

“काय?”

“वांगी तुझ्या हाताने गेली नाहीत. या मातीने गेली. या गाठींत कृमी आहेत. ते मुळाचं पाणी तोडतात. तुझ्याकडे आमच्या वाफ्यातून गेले. भाऊजींकडेही.”

मागे आत्याबाई वाफ्याच्या कडेवर हात टेकून उभ्या राहत होत्या. “काय बोलतेस गं? गाठी चांगल्या असतात. तूच सांगितलंस.”

“घेवड्याच्या, आत्याबाई. बाकीच्या नाहीत.”

“तू असं नव्हतं सांगितलं.”

“नव्हतं.”

त्या दोन पावलं पुढे आल्या. बोटांना माती होती. ती झटकावी की नाही, हे त्यांना कळत नव्हतं असं दिसलं. “तुला कधी कळलं?”

“तीन वर्षं झाली.”

“तीन वर्षं.” त्यांनी शिंपिणीकडे पाहिलं, म्हणजे तिचा आवाज आला होता त्या दिशेला. “आणि मी चाचपून चाचपून देत होते. तू समोर उभी राहून बघत होतीस?”

“हो.”

“या तीन वर्षांत किती दिली असतील गं मी?”

आकडा मला माहीत होता. भिंतीवर भाऊजींचं डोकं आलं होतं.

शिंपिणीने पदराखालून हात काढले होते आणि ती टोपलीकडे पाहत होती. उचलायला वाकत नव्हती. “लेक गाडीची वाट बघत असेल,” ती हळू म्हणाली. “तिला मी काय सांगू? आणि माझं परस? त्याचं आता काय?”

“तुझं परस बरं होईल असं मी सांगू शकत नाही. आमचंही होणार नाही. ही रोपं मी आत्ता जाळणार आहे. इथून पुढे या वाफ्यातलं एकही रोप, मातीचा एकही गोळा फाटकाबाहेर जाणार नाही. आणि आज दुपारपासून मी चौदाही घरांत जाणार आहे, पहिलं भाऊजींच्या, आणि प्रत्येक दारात सांगणार आहे की हे आमच्याकडून आलं, आणि मला माहीत होतं.”