उरलेला बोल्ट

आधीच सांगून टाकते. ती गाडी अंगणातून हलवावी म्हणून सोसायटीकडे जो अर्ज गेला, तो माझ्या अक्षरात होता. माझं अक्षर चांगलं, म्हणून शेजारणींनी मला लिहायला बसवलं, अशी मी स्वतःची बरेच दिवस समजूत घातली. पण खाली पहिली सही माझीच होती, आणि ती काही कोणी हात धरून करून घेतली नव्हती.

आमच्या ह्यांनी गाडी आणली ती निवृत्तीनंतर दुसऱ्याच महिन्यात, भंगारवाल्याच्या ट्रकला दोरानं बांधून. निळा रंग पापुद्रे सुटलेला, एक दार तारेनं आवळलेलं, मागच्या सीटवर गवत, पिसं आणि अंड्यांची टरफलं. भंगारवाला म्हणाला, "साहेब, कोंबडी उडून गेली, घरटं फुकट!" तेव्हापासून गाडीचं नाव कोंबडी. संध्याकाळी मुलीचा फोन आला, बाबांनी काय आणलंय म्हणून. मी म्हटलं, "चार आण्याची कोंबडी. आता बारा आण्यांचा मसाला बघत बस."

बारा आण्यांत भागलं असतं तर मी साखर वाटली असती. एका काचेसाठी हे आठ महिने पत्रं लिहीत होते. हेडलाइटची कडी शोधायला तीन गावं फिरून आले. आमची सहल त्या हेडलाइटात गेली आणि माझा नवा फ्रिज गिअरबॉक्समध्ये. मुलगी म्हणायची, "आई, एवढ्यात नवी कोरी गाडी आली असती." खरंच आली असती. हेही कधी नाही म्हणाले नाहीत.

एकदा मी कंबरेवर हात ठेवून विचारलं, "अहो, का? एकदा मला कळू तर द्या."

गाडीखालून आवाज आला. "चौतीस वर्षं मी एका टेबलावरून आलेला कागद दुसऱ्या टेबलावर ढकलला. त्याचं पुढं काय झालं, एकदाही कळलं नाही. एक तरी गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत माझ्या हातून व्हावी, एवढंच."

"मग स्वयंपाक करा. रोज पहिल्यापासून शेवटपर्यंत होतो," मी म्हटलं आणि आत गेले. त्याच आठवड्यात जुना फ्रिज बंद पडला. त्याच आठवड्यात मी तो अर्ज लिहिला. रागाच्या भरात माणूस काय करेल सांगता येत नाही, आणि माझा राग म्हणजे फडक्यानं विझणारा नाही.

आमचे सेक्रेटरी कशावरही ठराव करतात. जिन्यातल्या दिव्यावर ठराव, मांजराला दूध घालण्यावर ठराव. सगळे त्यांना तोंडावर ठरावसाहेब म्हणतात आणि त्यांना तो मान वाटतो. त्यांनी ठराव केला: सहा महिन्यांत गाडीनं स्वतःच्या चाकांवर फाटकाबाहेर जावं आणि तपासणीचा शिक्का मारलेला कागद घेऊन परत यावं. नाहीतर शेवटच्या तारखेला संध्याकाळी पाच वाजता भंगारवाला ती उचलून नेईल.

ह्यांनी नोटीस दोनदा वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि पुन्हा गाडीखाली गेले. मी भाजी चिरत होते. मान वर करायची माझी छाती झाली नाही.

आणि वर मी काय करावं? दुसऱ्या महिन्यात घरातल्या डाळी पिशव्यांतून सांडायला लागल्या. मला डबे हवे होते. अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये बघते तर फळीवर तीन डबे, तिन्ही अर्धे, आत नट-बोल्ट. जगातली कोणतीही बाई जे करेल तेच मी केलं. तिन्ही एका डब्यात ओतले, हलवून नीट बसवले, उरलेले दोन घासून उन्हात ठेवले. झाकणांवर चिठ्ठ्या होत्या, त्या गरम पाण्यानं छान निघाल्या.

एकात इंजिनाचे बोल्ट होते, एकात दारांचे, एकात पुढच्या पत्र्याचे. दोन वर्षांत मोजून-मापून वेगळे केलेले.

हे आले. उन्हातले डबे बघितले, फळीवरचा भरलेला डबा बघितला, आणि स्टुलावर बसले. "बरं," म्हणाले. बस्स, एवढंच. आरडाओरडा केला असता तर मीही चार शब्द सुनावले असते, मला ते जमतं. पण 'बरं'ला काय उत्तर द्यायचं? त्यात माझ्या पोटात तो अर्ज. उद्या ह्यांना तो कळला, की डबेही मी मुद्दामच ओतले असं वाटणार. कोण विश्वास ठेवील माझ्यावर? मी स्वतः ठेवला नसता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठं ताट घेऊन शेडमध्ये बसले. "काय करतेस?" ह्यांनी विचारलं. "निवडते," मी म्हटलं. डाळ निवडायला मला चष्मा लागत नाही, बोटालाच खडा कळतो. बोल्टचंही तसंच निघालं. बारीक आट्यांचा वेगळा, जाड आट्यांचा वेगळा. आणि ज्या पत्र्यावर बोल्ट वर्षानुवर्षं आवळलेला असतो, त्या पत्र्याचा रंग त्याच्या डोक्याखाली कड्यासारखा चिकटून राहतो. हे ह्यांच्याही लक्षात आलं नव्हतं. राखाडी कड्याचे दारांचे, काळ्याचे इंजिनाचे, निळ्याचे पुढच्या पत्र्याचे. मी ओळखून हातात द्यायची, हे बसवायचे. चुकला तर परत. सोळा दिवसांत ताट निम्मं झालं आणि मला चक्क मजा यायला लागली. शेजारीण खिडकीतून म्हणाली, "काय वहिनी, तुम्हीपण?" मी म्हटलं, "वाण नाही पण गुण लागला."

एक दिवस पेडलांमागचा पत्रा खरवडताना हे केवढ्यानं ओरडले. बोट कापलं वाटून मी धावले, तर हे आनंदानं लाल. "अगं बघ, हिरवा! ही मुळात हिरवी होती! बाकी सगळीकडचा कोणीतरी खरवडून काढलाय, इथं तेवढा राहिला." मी म्हटलं, "गॅसवर दूध आहे," आणि गेले. पण तो रंग डोळ्यांत राहिला. कच्च्या चिंचेसारखा होता.

मुदतीला पंधरा दिवस उरले तेव्हा गाडी जोडून झाली. ताटात मात्र एक बोल्ट उरला. काळामिट्ट, बोटाच्या पेराएवढा. ह्यांनी टॉर्च घेऊन गाडी दोनदा खालून वर पाहिली. पत्र्याला कुठं एकही रिकामं भोक नाही. "राहू दे, जास्तीचा असेल," म्हणाले. जास्तीचा कसा असेल? कारखान्यात काय मुठीनं टाकतात? मी तो पर्समध्ये टाकला. किल्ल्यांशेजारी तो खुळखुळायचा आणि मला चैन पडायची नाही.

अंगणात गाडी चालली. गिअर टाकताना जरा कुरकुर करायची. "नवीन आहे, रुळेल," हे म्हणाले. पण दिवसागणिक कुरकुर वाढत गेली.

तपासणीची तारीख मिळाली ती नेमकी शेवटच्या दिवशीची. आम्ही दोघं निघालो. फाटकातून बाहेर पडताना बाल्कन्यांत माणसं उभी होती. टाळ्या कोणीच वाजवल्या नाहीत, सगळे ती बंद कुठं पडते तेच बघत होते.

तपासणी करणारी बाई आमच्या मुलीच्या वयाची, हातात पॅड, चेहऱ्यावरची माशी हलायची नाही. ब्रेक बघितले, दिवे बघितले, हॉर्न वाजवला. सगळ्यावर बरोबरची खूण. मग तिनं सिमेंटच्या चढाकडं बोट केलं. "मधोमध थांबायचं. मग मागे न घसरता पुन्हा निघायचं."

थांबलो. निघायची वेळ आली आणि गिअर पडेना. खर्रर्र! पुन्हा खर्रर्र! क्लच दाबून पायाला गोळे यायची वेळ, पण गिअर दातओठ खात बाहेरच. शेवटी ब्रेक सोडला आणि कोंबडी मागच्या मागे खाली आली.

"चारला आम्ही बंद करतो," बाई म्हणाली. "त्याआधी पुन्हा दाखवू शकता." भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन वाजले होते.

ह्यांनी स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. "झालं गं," म्हणाले. "पाचला ट्रक येईल. जाऊ दे."

मला असा संताप आला! ह्यांचा नाही, माझा. हा माणूस माझ्या अर्जानं हरणार होता आणि वर मलाच 'जाऊ दे' म्हणत होता. "झालं काय झालं?" मी कडाडले. "घाम पुसा आधी!" रुमालासाठी पर्स उपडी केली, तर किल्ल्यांबरोबर तो बोल्ट माझ्या मांडीवर पडला. पंधरा दिवस किल्ल्यांवर घासून त्याचा मळ निघाला होता. डोक्याखाली हिरवं कडं. कच्च्या चिंचेसारखं.

"अहो, पेडलांमागे काय बसवलंत?"

"क्लचच्या तारेची पट्टी."

"किती बोल्टांवर?"

"एका. पट्टीला भोकं दोन आहेत, पण पत्र्याला एकच."

"पत्र्याला दुसरं नव्हतंच?"

"एक गंजून पडलेलं होतं. मी लांबीची पुट्टी भरून बुजवलं. असं गुळगुळीत केलं, कळणारसुद्धा नाही." एवढं सगळं झालं होतं तरी लांबीचं कौतुक आवाजात होतंच.

"गंजलेलं भोक इतकं गोल असतं का हो?"

ह्यांनी माझ्याकडं बघितलं, बोल्टकडं बघितलं आणि कपाळावर हात मारला. "एका बोल्टावर पट्टीच हलते, तार पुरती ओढलीच जात नाही!" ह्यांची पाठ वाकत नाही, म्हणून पेडलांखाली मीच शिरले, उताणी, पाय दाराबाहेर. तपासणीच्या बाईला माझ्या चपलाच दिसल्या असतील. रंगावरून बोट फिरवलं, पट्टीच्या भोकामागे जरा मऊ लागलं. स्क्रू-ड्रायव्हर रोवला, लांबीचा भुगा तोंडावर पडला आणि भोक मोकळं झालं. पलीकडं नट पत्र्यालाच जोडलेला होता, आपली वाट बघत बसलेला. बोल्ट बोटानंच लावला. पहिला आटा बसेना, दुसऱ्यांदा बसेना, मग अलगद लागला आणि फिरत गेला, फिरत गेला. ह्यांनी वरून पाना दिला. मी आवळला.

खरं सांगते, तिथं उलट्या जगात पडल्या पडल्या मला रडू फुटलं. आनंदाचं. घरात, संसारात किती गोष्टी जुळता जुळत नाहीत. कोणाशी बोलायचं राहून जातं, कोणी दूर जातं, काही केल्या बसत नाही. आणि इथं एका बोल्टाला एकच जागा होती आणि मी तो त्या जागी बसवला होता. ह्यासाठी माणूस फ्रिज विकेल, नाहीतर काय!

"रडतेस?" हे घाबरून म्हणाले.

"लांबी गेली डोळ्यात. चालवा!"

चढावर मधोमध थांबलो. क्लच दाबला, गिअर लोण्यात सुरी जावी तसा गेला. ब्रेक सुटला, कोंबडी जागची तसूभर मागे सरली नाही, एकदा घशातल्या घशात घुरघुरली आणि वर! थेट वर! मी खिडकीतून हात बाहेर काढून ओरडले, काय ओरडले ते आठवत नाही. बाईनं शिक्का मारला आणि मग पहिल्यांदा हसली. "आजी, एक फेरी मारू का?" म्हणाली. आजी म्हणाली म्हणून एरवी मी तिला सोडलं नसतं. त्या दिवशी म्हटलं, "बस."

घरी येताना मात्र माझ्यानं राहवेना. "अहो, तो अर्ज—"

"माहीत आहे," रस्त्यावरची नजर न काढता हे म्हणाले. "नोटीस आली त्याच आठवड्यात ठरावसाहेबांच्या फाइलीत बघितला. चौतीस वर्षं अर्जच वाचले मी. आणि बायकोचं अक्षर ओळखणार नाही?"

"मग बोलला का नाहीत? सहा महिने!"

"काय बोलणार? माझी मला लाज वाटत होती. मुदत नसती ना, तर मी आणखी दहा वर्षं ती नुसती पुसत बसलो असतो. संपवायची भीतीच वाटायची. तू अर्ज दिलास म्हणून संपली." मग गिअर बदलत म्हणाले, "डब्यांचा मात्र राग आला होता. फार." मी ह्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला तो फाटक येईपर्यंत काढला नाही.

पावणेपाचला अंगणात शिरलो. भंगारवाल्याचा ट्रक आधीच उभा, ठरावसाहेब फाइल घेऊन हजर, बाल्कन्या भरलेल्या. ह्यांनी हॉर्न दाबला तो दाबूनच ठेवला. या वेळी टाळ्या पडल्या, अशा की पत्र्याच्या शेडवरची कबुतरं उडाली. भंगारवाला उडी मारून उतरला, गाडीभोवती फिरला आणि म्हणाला, "साहेब, दहापट देतो. आत्ता." आम्ही दोघं एकदमच "चल हट!" म्हणालो.

ठरावसाहेबांनी शिक्का उजेडात धरून तपासला. "कागद ठीक आहे," म्हणाले, "पण मूळ तक्रार फाइलला आहे. ती लेखी मागे घेतल्याशिवाय प्रकरण मिटत नाही." आणि फाइल उघडून तो अर्ज सगळ्यांसमोर वर धरला, पहिली सही माझी.

"पेन द्या," मी म्हटलं. त्याच कागदाखाली, त्याच अक्षरात, गरम बॉनेटवर ठेवून लिहिलं: गाडी चालते. तक्रार मागे. आणि सगळ्यात आधी सही केली. मागून शेजारणी रांगेनं आल्या.

हे वाकून ते बघत होते. डोळे भरलेले. "चौतीस वर्षांत," म्हणाले, "पहिला कागद, जो आला त्याच टेबलावर निकाली निघाला."

"टेबल नाही, बॉनेट आहे," मी म्हटलं. "पेन उचला त्यांचं, ओरखडा पडेल."