कांद्याच्या वावरात पडलेला म्हातारा

मित्रांनो, मी एक जुना, काळा दगड आहे. जुना म्हणजे तुमच्या पृथ्वीच्या बारशाआधीचा!

सूर्यही नव्हता तेव्हा माझे कण एका थंडगार ढगात तरंगत होते. त्यांच्यावर बर्फ साचला. ताऱ्यांच्या किरणांनी त्या बर्फातले साधे पदार्थ तोडले, पुन्हा जोडले आणि कार्बनचे नवे रेणू बनवले. पुढे मी एका लघुग्रहाचा तुकडा झालो. तिथल्या कोमट पाण्यात मुरता मुरता माझ्या पोटात अमिनो आम्ले तयार झाली. सजीवांची प्रथिने याच विटांनी बांधलेली असतात. माझ्याकडे विटा होत्या, घर मात्र नव्हते.

गेल्या मार्चमध्ये भर दुपारी मी देवळा गावाजवळ पुतळाबाईंच्या कांद्यात धाडकन पडलो.

“लहानू, दगड का मारस रे?” पुतळाबाई शेजारच्या बांधाकडे पाहून ओरडल्या.

“नही माय, मी ते भाकर खाई राह्यनू!”

पुतळाबाईंचा विश्वास बसला नाही. त्यांनी मला उचलून कांद्याच्या ढिगावरच्या ताडपत्रीवर वजन म्हणून ठेवले. अब्जावधी वर्षांचा प्रवास करून मला नोकरी मिळाली ती ही!

दुसऱ्या दिवशी लहानूने शपथेवर सांगितले की, मी आभाळातून धूर सोडत आलो. झाले! पुतळाबाई दुधाचा तांब्या घेऊन आल्या. पहिल्याच धारेला माझा एक कोपरा ढासळला. मी आतून ढेकळासारखा ठिसूळ. देवपण मिळाले, पण जीव जायची वेळ आली.

तेवढ्यात त्यांची नात मनीषा शाळेतून आली. ती विज्ञानाची शिक्षिका.

“आजी, थांब! भिजवू नको त्याला!”

“देवले आंघोय नको?”

“नको. हातही लावू नको.”

“मंग निवद?”

“तोही नको.”

“असा कसा हाऊ उपाशी देव!”

मनीषाने मला ढासळलेल्या कोपऱ्यासकट कोऱ्या फॉइलमध्ये गुंडाळले आणि आजीला समजावले, “असेच दगड पृथ्वीवर पडले असतील आणि त्यांच्यातल्या मालमसाल्यातून जीव सुरू झाला असेल. नक्की कुणालाच माहीत नाही. म्हणून याला तपासायचं.”

प्रयोगशाळेत माझ्या पोटात अमिनो आम्ले सापडली. भिजलेल्या कोपऱ्यात म्हशीचे दूधही सापडले. तेवढा कोपरा बाद झाला.

मित्रांनो, असा काळा पाहुणा तुमच्या दारी आला, तर त्याला कोरडा ठेवा आणि जाणकारांना कळवा. आमच्या पोटातली गोष्ट एका तांब्याने पुसली जाते.

त्या दिवशी मनीषा मला घेऊन निघाली, तेव्हा पुतळाबाईंना तिचे ‘जीव सुरू झाला असेल’ हे शब्द आठवले. मग डोक्यावर पदर घेऊन त्या हळूच म्हणाल्या, “म्हंजे हाऊ मना आजेसासरा शे!”