बॅटरीची ओटी

"ताई, पार मेलेली बॅटरी चिमट्याच्या चार्जरवर चढवू नका. अन् लेकराच्या खोलीत तर नाहीच नाही."

मूर्तिजापूरला स्टेशनच्या रस्त्यावर मोबाईल आणि फवारणीचे पंप दुरुस्त करणाऱ्या सुरैय्याने हे सांगितलं, तेव्हा सासऱ्यांच्या बंद फोनचं विचारायला आलेली आचल मनातल्या मनात हसली होती. नवी बॅटरी खपवायची असेल हिला, दुसरं काय! आपण अमरावतीहून बी.एस्सी. झालेलो, आणि ही आयटीआयवाली आपल्याला विजेचे धडे देणार? "हो हो" म्हणत तिने सात महिन्यांच्या पिऊला कडेवर सरकवलं आणि सासूला शोधत बाजाराकडे निघाली.

सासू, माणिकबाई, सापडली ती विद्युतानंद महाराजांच्या मांडवात. बाजारात भाजीवाले माशा हाकत बसले होते आणि सगळी गिऱ्हाइकं इकडे. हातात बंद पडलेले बटनवाले मोबाईल घेऊन माणसं रांगेत उभी. समोर चौरंगावर भगव्या कापडाची, शेंदूर फासलेली एक लाकडी पेटी. तिला ना वायर, ना बटन. पेटीमागे महाराज, आणि महाराजांच्या तोंडाशी माईक.

"बॅटरी म्हणजे काय?" महाराज गरजले. "पंचमहाभूतांमधलं सहावं भूत!"

पाचात सहावं कुठून आलं, हे कोणी विचारलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"लिथियम कोणी शोधलं? इंग्रजानं? अरे, ते आमच्या ऋषींच्या कमंडलूत होतं! आणा, माय, कोण मेलं तुमचं?"

माणिकबाईने पदराखालून मोबाईल काढला. तो तिच्या नवऱ्याचा, खुशालरावांचा होता. ते गेले त्याला दोन वर्षं झाली आणि तेव्हापासून फोन कपाटात पडून होता. नवीन नवीन शिकताना खुशालरावांनी त्यात चुकून आपलाच आवाज भरून ठेवला होता: "माणके, हे बंद कसं करतेत वं?" तेवढं एक वाक्य माणिकबाईला पुन्हा ऐकायचं होतं. महाराजांनी बॅटरी पेटीत ठेवली, डोळे मिटले, दोनेक मिनिटं काहीतरी पुटपुटले आणि बॅटरी फोनमध्ये बसवली. पडदा उजळला. माणिकबाई जागच्या जागी लोटांगणात.

ऑटोपर्यंत पोचेतो फोन पुन्हा मेला. दोघी मांडवात परतल्या.

"श्रद्धा कमी पडली, माय," महाराजांनी आधीच ठरलेलं निदान केलं. "ही दुसरी, वायरवाली प्राणपेटी घरी न्या. ही घरच्या विजेवर चालते. अकरा दिवस बॅटरी काढायची नाही, बटन बंद करायचं नाही. गरम झाली, समजा जीव आला. पोट आलं, समजा लक्ष्मी गरोदर! मंग तिची ओटी भरा. अन् पोटुशीले एकटी ठेवत नसतेत; घरात लेकरू असंन तर त्याच्या उशाशी ठेवा."

माल खराब निघाल्याची तक्रार येण्याआधीच तिला देवत्व देऊन टाकायचं, ही या माणसाची एकूण विद्या. आचलला ते तिथेच कळलं. तरी ती गप्प बसली. म्हातारीचं मन रमेल, आपलं काय जातं, असं तिला वाटलं.

दहाव्या दिवशी दुपारी ती मागे कपडे वाळत घालत होती. पिऊचं दुपटं घ्यायला आत आली आणि दारातच थबकली. खोलीत गोडसर वास होता, नखांचा रंग पुसायच्या औषधासारखा. सकाळपर्यंत देवघरात असलेली प्राणपेटी आता पाळण्याच्या डोक्याशी स्टुलावर. झाकण उघडं. आतली बॅटरी तव्यावरच्या फुलक्यासारखी टम्म फुगलेली. तिला हळदीकुंकू लावलेलं, खण पांघरलेला, पुढे तांदूळ आणि नारळ. पिऊ पाळण्यात हातपाय उडवत त्या खणाकडे बघून हसत होती.

आचलने भिंतीवरचं बटन खटकन बंद केलं, पिन ओढली आणि पिऊला उचललं.

"हे काय करून राहिली?" माणिकबाई धावत आली. "उद्या अकरावा दिवस हाय! त्यायचा आवाज येणार हाय! लाव ते बटन!"

"आई, पिऊले घ्या अन् रस्त्यावर जा."

"मी नाही जात. तू काहून माह्या देवाच्या आड येते?"

"आई, पोरगी कोनाची हाय? तुमचीच न? घ्या तिले!"

नात हातात आल्यावर माणिकबाईचे पाय आपोआप बाहेर वळले. आचलने झाडूच्या दांड्याने पेटी पाटावर ढकलली, पाट हातभर लांब धरून अंगणात नेला आणि बांधकामाच्या उरलेल्या वाळूवर ठेवून मागे पळाली. ती ओसरीवर पोचली असेल नसेल, तोच साप फुत्कारावा तसा आवाज झाला. पांढऱ्या धुराचा लोट उठला, पाठोपाठ जाळ. खण गेला, पेटी गेली, नारळ तडकला.

माणिकबाई पिऊला घेऊन रस्त्यावरून आत आली. ती पिऊच्या डोक्यावरून नुसता हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "मीच ठेवली होती वं तिथं. माह्याच हातानं."

पुढच्या बाजाराच्या दिवशी आचल मांडवात गेली ती सुरैय्याला घेऊन. आधी तिने दुकानात जाऊन तिची माफी मागितली होती. "माफी राहू द्या, ताई," सुरैय्या म्हणाली होती, "स्क्रूचा पेचकस घ्या तो, चला."

आचलने आणलेला पेटीचा जळका सांगाडा बघताच महाराज कडाडले, "कोप! अनुष्ठान मोडलं, त्याचा हा कोप!"

"कोप होय का? पाहू मंग." सुरैय्याने रांगेत उभ्या असलेल्या पार्वताबाईची पेटी मागून घेतली. ती बॅटरीही फुगलेली, तिचीही ओटी भरलेली. चार स्क्रू काढले. शेंदराच्या आत होता बाजारात कुठेही मिळणारा, चिमट्याने बॅटरी पकडणारा स्वस्तातला चार्जर.

मग तिने आपला जेवणाचा डबा उघडला. आत तसाच एक चिमटा आणि पॉवर बँक. कोणाची तरी मेलेली बॅटरी तिने त्यात लावली, झाकण घातलं, डोळे मिटले आणि मंत्र सुरू केला: "बडनेरा, कुरुम, माना, मूर्तिजापूर, बोरगाव, अकोला..."

रेल्वेची स्टेशनं ऐकून लोक हसायला लागले. दोन मिनिटांनी बॅटरी फोनमध्ये गेली. पडदा उजळला.

"पॅसेंजरच्या मंत्रानंही उठते, पाहा!" सुरैय्या म्हणाली. "पार उतरलेली बॅटरी मोबाईल स्वतःहून घेत नाही, कारण त्यात धोका असते. हा चिमटा काही पाहत नाही, करंट कोंबते. चार मिनिटांचा जीव येते, घरी जाईपर्यंत जाते. अन् अकरा दिवस लावून ठेवली तं? चार पॉइंट दोन व्होल्टवर थांबाले पाह्यजे. ह्या चार्जरले थांबताच येत नाही." तिने पार्वताबाईच्या बॅटरीला मीटर लावला. "चार पॉइंट पाच! आत गॅस धरला, म्हणून हे पोट. गरोदर नाही ते, माय. बाँब हाय."

"विधर्मी बाईचं ऐकता?" महाराजांनी शेवटचा पत्ता टाकला.

आता आचल पुढे झाली. पिऊला सासूकडे देऊन तिने पार्वताबाईची पेटी उचलली आणि तिची पिन माईकच्या बोर्डात खोचली.

"महाराज, तुमचं आसन हे. ही पोटुशी लक्ष्मी तुमच्या उशाशी ठेवते. अकरा दिवस नको, अकरा मिनिटं बसा. बटनावर माहा हात हाय."

बटन ती दाबणार नव्हतीच. पण पेटी आसनाला टेकली मात्र, विद्युतानंद महाराज कफनी सावरत उठले आणि तीन पावलं मागे सरकले. सगळ्या बाजाराने ते पाहिलं. त्यांना पहिल्यापासून माहीत होतं! माणिकबाई पुढे आली, पेटीपासून महाराजांपर्यंतचं अंतर तिने नजरेने मोजलं आणि म्हणाली, "माह्या नातीजवळ चालत होती न रे, मुडद्या?"

सुरैय्याने खुशालरावांच्या फोनमध्ये नवी बॅटरी घातली. आवाज निघाला. माणिकबाई रडली, आणि मंत्र कोणीच म्हटला नव्हता.

वीज कोणाची भक्ती बघत नाही. तिला आकडे कळतात. मेलेली बॅटरी जिवंत करायच्या नादाला लागू नका. फुगलेली पुन्हा लावू नका, टोचू नका, चुलीत टाकू नका. दुरुस्तीच्या दुकानात देऊन टाका. चार्जिंग फरशीवर, कपड्यांपासून लांब, कोणी जागं असताना करा आणि भरली की काढा. चार्जर त्या फोनसाठी बनलेलाच वापरा. ज्याची भरल्यावर थांबायची खात्री नाही, तो स्वस्त मिळाला म्हणून घरात आणू नका.

आणि आचलचं तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या ओळखीत एखादी आत्या, मावशी, शेजारची म्हातारी एकटी राहत असेल, तर तिच्याकडे आज जा. फोनवर विचारू नका. "सगळं बरं हाय" असंच ती सांगेल. घरात जा, तिची उशी उचला आणि तिथे काय चार्जिंगला लावून ठेवलंय ते स्वतः बघा.