लंगडी टकटक

मित्रांनो, मला पाहून तुम्ही घड्याळच म्हणाल. पण वेळ मला विचारू नका. मी एक जुना मेट्रोनोम आहे. लाकडी पेटी, पोटात चावीची स्प्रिंग, समोर डोलणारा दांडा. वाजवणाऱ्याची लय सुटू नये म्हणून सारखी टकटक करायची, एवढेच माझे काम. "हा कुणाची भीड धरणार नाही," असे मला घडवणारा म्हातारा घड्याळजी गिऱ्हाइकाला म्हणाला, तेव्हा मी अगदी फुलून गेलो होतो.

व्हायोलिन शिकवणाऱ्या बाईंकडे मी आलो आणि खिडकीजवळच्या तिवईवर बसलो. तिवईचा एक पाय आखूड होता. बाईंनी त्याखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली आणि पुढे कितीतरी वर्षे माझे सुखात चालले. "माझ्यापेक्षा याचं ऐका," असे बाई मुलांना कौतुकाने सांगायच्या.

मग घराला रंग दिला. सामान बाहेर गेले, परत आले, पुठ्ठा मात्र केरात गेला. तीन पायांची वस्तू डुगडुगत नाही, नुसती कलते, म्हणून कुणाच्या लक्षातही आले नाही. पण कललेल्या पेटीत दांडा सारखा डोलत नाही, त्यामुळे माझी चाल बिघडली. टक... टकटक... टक. बाईंना कळले नाही. रोजच्या आवाजाकडे कोण लक्ष देतो? त्यांचा भाचा वर्गातला हुशार विद्यार्थी. त्याची बोटे भराभर पळायची, पण मी बंद पडलो असतो तरी त्याला पत्ता लागला नसता. तो आपले घोडे पुढे दामटायचा आणि बाई खूश व्हायच्या.

जिवाचा कान करून माझे ऐकणारी एकच होती, एका बसचालकाची मुलगी. एकेक ओळ घोटत बसायची, म्हणून सगळे तिला मुंगी म्हणायचे. मी लंगडलो की तारांवर फिरणारा तिचा गजही लंगडायचा.

"अगं, पुन्हा चुकलीस!"

"बाई, हा लंगडतोय."

"यंत्र कुठे लंगडतं बाळा? आपला हात लंगडतो."

सगळी मुले हसली. मुंगीने पुन्हा त्याविषयी तोंड उघडले नाही. मी तरी काय सांगणार? मला एकच शब्द येतो, आणि तोच बिघडलेला.

शेवटी बाईंनी तिच्या वडिलांना बोलावले. बाई मनाने वाईट नाहीत. व्हरांड्यात त्या हळू आवाजातच बोलत होत्या. "मुलगी गुणी आहे हो, पण लय अंगातच नाही. उगाच तिच्या जिवाला त्रास. पुढच्या महिन्यापासून नका पाठवू."

"घरी तर छान वाजवते," वडील म्हणाले.

आत मुंगी एकटीच होती. तिने मला अलगद उचलून खिडकीच्या सपाट कट्ट्यावर ठेवले. टक, टक, टक. किती दिवसांनी मी सरळ चाललो! तिने माझ्याबरोबर एक ओळ वाजवली. सावकाश, स्वच्छ, कुठेही न अडखळता.

"अहो, ही आमचीच वाजवतेय!" बाहेरून वडिलांचा आवाज आला. पावले वाजली. वस्तू जागच्या जागी ठेवायची मुंगीची सवय. तिने चटकन मला पुन्हा तिवईवर ठेवले.

"वाजव बघू परत," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात आशा होती. त्यांनी स्वतःच्या हाताने मला चालू केले.

टक... टकटक... टक.

मुंगीने माझ्याकडे पाहिले. भाच्यासारखा कानाडोळा केला असता तर ती वाचली असती. अगं पोरी, आज एवढा एक दिवस माझं ऐकू नकोस! मी आतल्या आत आक्रोश करत होतो आणि बाहेर नुसता टकटकत होतो. ती ऐकत राहिली. तिचा गज लंगडला. वडिलांनी मान खाली घातली आणि व्हायोलिनची पेटी उचलली.

आता ती येत नाही. भाचा येतो. बाई "वा!" म्हणतात.

मित्रांनो, चांगला विद्यार्थी कोण, असे मला कुणी विचारत नाही. विचारले तर मी मुंगीचे नाव सांगेन. तुमच्याकडे एवढेच मागणे आहे, एखाद्या मुलाला बेताल ठरवण्याआधी खाली वाकून तिवईचे पाय बघा. मला वाकता येत नाही.