लाइन गेल्यावर

"सोलर परवडते काय, धर्मपालभाऊ?"

बडनेऱ्याच्या त्या गल्लीत हा प्रश्न ऐकून ऐकून धर्मपालचे कान किटले होते. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर गच्चीवर पॅनल बसवणारा गल्लीतला तो पहिलाच. "दोन हजाराचं बिल दीडशेवर आलं," असं तो सांगायचा, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

पुढचं मात्र तो गिळून टाकायचा. आता सोलर आलं म्हणून त्यानं जुना इन्व्हर्टर बॅटरीसकट विकून टाकला होता, आणि एप्रिलमध्ये कळलं की बाहेरची विजेची लाइन गेली की हे सोलरही बंद पडतं. जन्मभर गल्लीला शहाणपण शिकवलेला माणूस, कोणत्या तोंडानं सांगणार? लाइन गेली की तो दार लावून घेई आणि बायकोला, दुर्गाबाईला, पुठ्ठ्यानं वारा घालत बसे. गल्लीला वाटे, भाऊ कूलरपुढे मस्त लोळत असतील. महिनाभर हे सोंग करून त्याचे हात दुखायला लागले होते, आणि मनही.

त्या दुपारी लाइन गेली आणि दुर्गाबाईचा दमा उसळला. गच्चीवर नुसतं ऊन पेटलं होतं, पण तिचं वाफेचं मशीन काही चालेना. धर्मपालनं मशीन पिशवीत घातलं, तिला धरून समोरच्या देवीदास ऑटोवाल्याचं दार ठोठावलं. आत देवीदासची म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली. बायको तिला पदरानं वारा घालत होती.

"देवीदास, तुह्या इन्व्हर्टरवर हे लाव लवकर."

"इन्व्हर्टर कुठं राह्यला भाऊ? तुमचं पाहून मी बी सोलरचे पैसे भरले. तो कालच इकून टाकला." देवीदास गोंधळला. "तुमच्या घरी तं लाइन असंन ना?"

"नाही," धर्मपाल म्हणाला. "बाहेरची गेली की आपली बी जाते."

देवीदासनं ऑटो काढला. दवाखान्यात वाफ मिळाली तशी दुर्गाबाईची धाप हळूहळू कमी झाली. धर्मपाल बाहेरच्या बाकावर टेकला.

"मंग मले सांगतलं काहून नाही?" देवीदासनं विचारलं.

"लाज वाटली रे."

देवीदासनं घाम पुसला, ऑटोची चावी उचलली आणि निघता निघता म्हणाला, "तुमच्या लाजेपायी माही माय घरी उकडून राह्यली, भाऊ."