सड्यावरची राखण

धाकूने कोयता दोन्ही हातांत आडवा धरला आणि खोडावरचा पांढरा पट्टा खरवडायला सुरुवात केली. रंग कालचाच होता, पण सालीच्या भेगांत मुरला होता. वरचा पापुद्रा निघाला तरी आतला निघेना. त्याने जोर लावला तशी सालच सुटून आली आणि खालचं लाकूड उघडं पडलं. ते पाहून त्याचा हात थांबला. मग तो पुढच्या झाडाकडे वळला. तिथेही तसाच पट्टा, त्यावर काळ्या रंगात आकडा. त्याच्या पुढच्यावरही. डोंगरमाथ्याच्या या सपाट सड्यावरच्या सगळ्या अकेशियांच्या कमरेला जणू कुणी एका रात्रीत पट्टे बांधून गेलं होतं.

"बाबा."

त्याने मान वळवली नाही. आवाज सुनेचा होता. विनिता वनखात्यात वनपाल होती आणि इब्रामपूरचा हा सडा तिच्याच हद्दीत येत होता. खाली स्कूटर ठेवून ती चढून आली होती, खाकी शर्टाची पाठ घामाने भिजलेली.

"बाबा, रंग काढून काय होणार? आकडे आमच्याकडे लिहून घेतलेत."

"तुमच्याकडे सगळां लिवन घेतलेलां आसता," धाकू म्हणाला. "ही झाडां कोणी लायली ता लिवन घेतलां हा काय?"

विनिता जवळ आली. तिने हात पुढे केला. कोयता मागितला असता तर त्याने दिला नसता. पण तिने फक्त त्याच्या शर्टावर पडलेले सालीचे तुकडे झटकले.

"रविवारी देवळात सभा आहे. कापल्यावर काय करायचं ते ठरवायला साहेब येतायत. तुम्ही या."

"माका कोण इचारता?"

"मी विचारतंय," ती म्हणाली. रागात असली की सासरची बोली तिच्या तोंडी यायची. "आणि ऊन चढायच्या आधी खाली या."

धाकूला एकच गोष्ट आठवत होती. महिन्याभरापूर्वी पंचायतीत कुणाला तरी समजावताना ती म्हणाली होती, अकेशिया म्हणजे आपल्या मातीवर वाढलेलं तण. तो मागच्या बाकावर बसला होता. तिने त्याला पाहिलं नव्हतं.

तण! धाकू वनखात्यात रोजंदारीवर लागला तेव्हा या सड्यावर तांबडा कातळ आणि करवंदीची झुडपं, एवढंच होतं. खात्याने पिशव्यांतून रोपं आणली. लवकर वाढणारं झाड, जळणालाही होईल, विकायलाही होईल, असं साहेब लोक सांगत. कातळ फोडून खड्डे मारायचे, खालच्या ओढ्यावरून डोक्यावरून पाणी आणायचं. रोपं जगली. पुढे खात्याने धाकूला राखणदार म्हणून कायम केलं, काठी दिली, शिट्टी दिली. वाळक्या पाल्याला एकदा आग लागली तेव्हा हिरवी फांदी घेऊन तो एकटाच आगीला झोडपत राहिला. डाव्या हाताची कातडी तेव्हापासून मनगटापर्यंत सुरकुतलेली होती. दत्तप्रसाद, त्याचा मुलगा, लहानपणी म्हणायचा की बाबा झाडांशी जास्त बोलतात. त्यात खोटं काही नव्हतं.

आणि सखाराम. तो त्याचा धाकटा भाऊ. नवीन पडवी बांधताना सखारामने सड्यावरची अकेशियाची दोन सरळ झाडं तोडली आणि धाकूने त्याला वाटेत गाठलं. झाडं तिथेच टाकून जा, असं म्हणता आलं असतं. धाकूने शिट्टी वाजवली. सखारामला खात्याच्या ऑफिसात दिवसभर बाकावर बसवून ठेवलं, बाहेर फाटकाशी त्याची बायको उभी. त्या संध्याकाळपासून दोघांच्या सामाईक अंगणात दगडांचा गडगा आला. आईच्या बाराव्यालाही दोघे पाठीला पाठ लावून जेवले. गावात कुणाकडे दोघांनाही बोलावणं असलं की एकाला पहिल्या पंगतीतच जेवू घालून मोकळं करायचं, हे आता लहान पोरांनाही ठाऊक होतं.

झाडांवरचे पट्टे पाहिल्यापासून धाकूच्या पायांना थारा राहिला नाही. घरात बसला की उठायचा, अंगणात गेला की आत यायचा. तिठ्यावर चहाला गेला तर तिथे लोक खुशीत होते. योगेश, गावच्या वनसमितीचा अध्यक्ष, बाकावर मांडी घालून सांगत होता की अकेशिया गेली की त्या जागी सागवान येणार. सागवान म्हणजे गावासाठी सोनं, समितीचा वाटा ठरलेला. धाकूने अर्धा चहा तसाच ठेवला.

म्हणजे हे सागवानासाठी चाललं होतं तर. सून त्यांच्यात सामील. घरी येऊन त्याने उगीचच परसातल्या केळीची हिरवी पानं छाटून टाकली.

दिवेलागणीला विनिता परसात फोनवर बोलत होती. धाकू न्हाणीच्या दगडावर पाय धूत होता. ऐकायचं नव्हतं, पण ऐकू येत होतं.

"नाही सर, सागवानाला जमीन साफ करावी लागेल. मशीन फिरलं की खालची सगळी रोपं गेली... मी तसं लिहून दिलंय... हाताने तोडायचं, ओंडके एकाच वाटेने खाली ओढायचे, बस... हो सर, लोकांना सागवान हवंय हे खरं आहे. पण सर, आधी अकेशिया लावताना पण हेच बोललो होतो ना आपण लोकांना?"

पलीकडून बराच वेळ कुणीतरी बोललं. विनिता नुसती "हो सर, हो सर" म्हणत राहिली. फोन ठेवल्यावर तिने विहिरीच्या कठड्यावर तळहात दोनदा आपटला.

जेवताना धाकूने भाताचा घास कालवला आणि तसाच ठेवला.

"आनी मागीर थंय काय लायतलंस?"

विनिताने चमकून पाहिलं. कित्येक दिवसांत त्याने स्वतःहून तिला काही विचारलं नव्हतं.

"काहीच नाही."

"काय नाय?"

"जे आपोआप येतंय ते येऊ द्यायचं."

"मगे कापतास कित्याक?"

दत्तप्रसाद दोघांकडे आळीपाळीने पाहत होता. मोपाच्या विमानतळावरून ड्यूटी करून आलेला. त्याला वाद नको होता. त्याने सोलकढीचं भांडं मध्ये सरकवलं.

"अकेशियाच्या सावलीत खालची रोपं वर येत नाहीत, बाबा. गुडघ्याएवढी होऊन थांबतात." मग जरा थांबून ती म्हणाली, "सकाळी येता? दाखवते."

तो येतो म्हणाला नाही. पण सकाळी ती स्कूटर काढायला गेली तेव्हा धाकू गडग्याजवळ चपला घालून उभा होता.

सड्यावर पोचल्यावर विनिताने काठीने पाला बाजूला केला. अकेशियाचा पाला लवकर कुजत नाही, वर्षानुवर्षं तसाच पडून राहतो, चामड्यासारखा. त्या थरातून वर आलेली बारीक रोपं होती, इथल्या मूळच्या रानझाडांची.

"हे किंदळ. हे बघा, माट, पुस्तकात ज्याला ऐन म्हणतात. ही भिरंड, कोकम." ती पुढे जात राहिली, वाकून वाकून. "तिकडे जांभूळ आहे. पक्ष्यांनी आणलेलं."

धाकू खाली बसला. एक रोप त्याने बोटांत धरलं. पानाचा पाठचा भाग त्याच्या अंगठ्याला ओळखीचा लागला.

"ह्यां तण," तो म्हणाला.

विनिता थांबली.

"दर पावसाळ्यान मी ह्यां तासून टाकी. आकेशीच्या बुडाकडे दुसरां काय ऱ्हवता नये, असो हुकूम होतो."

"ठाऊक आहे."

"सगळो सडो तासलंय मी."

"तुम्ही रिटायर झालात, मग कुणी तासलं नाही." विनिताचा आवाज हळू झाला होता. "त्यानंतरचं आहे हे."

ती चांगल्या मनाने बोलत होती हे त्याला कळत होतं. पण एवढी वर्षं ही रोपं याच मातीत तो निघून जायची वाट बघत होती, हा विचार काट्यासारखा आत गेला आणि मोडला. त्याने बोटांतलं रोप सोडलं. ते हललं आणि सरळ झालं.

"माझो बापूस शिरगावच्या खाणीर होतो," विनिता एकदम म्हणाली. "आमच्या घरामागे खाणीतल्या मातीचा ढिगारा. त्यावर अकेशिया लावलेली. लहानपणी मला वाटायचं, डोंगर म्हणजे असाच असतो, एकाच झाडाचा. इथे लग्न होऊन आले तेव्हा कळलं की नसतो."

धाकू उठला. गुडघे वाजले. घरी आल्यावर तो ना झोपला ना बसला.

रविवारी देवळाच्या मंडपात गाव जमला. साहेब तरुण होते, बाहेरच्या जिल्ह्यातून आलेले, बोलायला सौम्य. त्यांनी दोन्ही गोष्टी सरळ मांडल्या. सागवान लावलं तर उशिरा का होईना, उत्पन्न आहे. रान वाढू दिलं तर उत्पन्न नाही, पण ओढ्याला पाणी टिकेल, माती टिकेल. मग त्यांनी विनिताला बोलायला सांगितलं.

ती बोलली. लोकांनी ऐकलं, कारण ती गावची सून होती. पण ती बसली तशी कुजबुज उठली.

"वयनी, रान वाढलां की गवे येतले," योगेश म्हणाला. "आत्ताच शेतात येतत. मगे तर दारात येतले. तेंका कोण आवरतलो, तुमी?"

लोक हसले. विनिताही कसनुसं हसली. "गवे आत्ता खाली येतात, कारण वर त्यांना खायला काही नाही," ती म्हणाली. पण तिचं कुणी पुरतं ऐकलं नाही.

"आनी राखण कोण करतलो?" मागून कुणी विचारलं. "आगीक, गुरांक, लाकडां न्हेतल्यांक? सागवानाक खातां राखणदार देता. फुकटच्या रानाक कोण दितलो?"

साहेबांनी मान हलवली. "हा मुद्दा बरोबर आहे. गावाने स्वतःचा राखणदार दिला तर एक पावसाळा मी सागवानाचं काम थांबवू शकतो. तसा विश्वासाचा माणूस नसेल तर मला वर काही सांगता येणार नाही."

लोक एकमेकांकडे पाहू लागले. विनिता खाली पाहत होती. तिचा अंगठा मोबाईलच्या कडेवरून सारखा मागेपुढे होत होता. धाकूला तो दिसत होता, आणि आपला पायही तसाच हलतोय हे त्याच्या ध्यानात आलं.

तेवढ्यात खांबाला टेकून बसलेला सखाराम उठला. तो सभेत कधी बोलत नसे. केस पिकले होते, पण अजून ताठ होता.

"राखणदार म्हणाल्यार ह्या गावात एकच झालो," तो साहेबांकडे पाहत म्हणाला. धाकूकडे त्याने बोटही केलं नाही. "ता प्लांटेशन उबां ऱ्हवलां ता त्याच्यामुळे. गाव सगळो लाकडां न्हेय होतो, साहेब. हयसर बसलेले सगळे. पकडून दिल्यान माका. सख्खो भाव आसलंय तरी." तो थांबला. "भावाक सोडूक नाय, तो दुसऱ्याक काय सोडतलो? त्याका इचारा."

कुणी हसलं नाही. योगेशने मान खाली घातली आणि चटईचा दोरा ओढू लागला. साहेबांना सगळं कळलं नसावं. पण सगळ्यांच्या नजरा गेल्या तिकडे त्यांनी पाहिलं.

"आजोबा, तुम्ही पाहाल का?"

धाकू उठला. उठताना त्याला खांबाचा आधार घ्यावा लागला. बाहेर पिंपळाखाली कुणाची तरी स्कूटर सुरू झाली आणि दूर गेली.

"माझ्यान चढवणा नाय आता," तो शेवटी म्हणाला. "रोज नाय."

विनिताने डोळे मिटले.

"राखणेक सखारामाक घाला," धाकू म्हणाला.

लोकांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मागे कुणीतरी "अरे देवा" म्हणालं. सखाराम अजून उभाच होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याने मोठ्या भावाकडे समोरून पाहिलं. धाकूने नजर वळवली नाही, जरी ते सोपं नव्हतं.

"आनी तू लाकडां न्हेलंस तर?" सखारामने विचारलं.

साहेबांनी विनिताच्या कानाशी वाकून काहीतरी विचारलं; तिने फक्त हात वर करून त्यांना थांबवलं.

"न्हेलंस तर तुका धरून ऑफिसात न्हेतलंय हां," सखाराम म्हणाला. "दीसभर बसवन घालतलंय."

"घाल," धाकू म्हणाला.